आजाऱ्याची खुर्ची

ताप भरून आला म्हणजे आई आपल्याला अंथरुणावर निजवते, कपाळावर गार पाण्याची घडी ठेवते आणि घरकामाला लागते. मग दिवसभर आपली सोबत करते ते घराचे छत. एरवी ज्या छताकडे वर्षभरात एकदाही आपण मान वर करून पाहिलेले नसते, त्याचा कानाकोपरा त्या दोन दिवसांत पाठ होऊन जातो. कौलांच्या फटीतून उतरलेला उन्हाचा कवडसा, वाशाला लोंबणारे कोळ्याचे जाळे, पावसाच्या ओलीने उठलेला डाग, हे सारे आपले सोबती होतात. कवडसा सरकत सरकत डोळ्यांवर आला की कूस बदलावी लागते. स्वयंपाकघरात कोणाच्या हातून भांडे पडले तर तो आवाज डोक्यात घणासारखा बसतो. अंगात बळ असताना ज्या गोष्टी आपल्या ध्यानातही येत नाहीत, त्याच गोष्टी आजारपणात नकोशा होतात.

हा अनुभव प्रत्येकाचा आहे. परंतु अंगातला ताप उतरून आपण खेळायला पळालो, की तो विसरतो. फिनलंड देशातील एक वास्तुशिल्पी मात्र तो विसरला नाही. त्या अनुभवातून एक रुग्णालय कसे घडले, त्याच्या छताला कोणता रंग लागला आणि तेथील खुर्ची पोलादाची न होता लाकडाची का झाली, ती हकिकत या पाठात सांगावयाची आहे.

फिनलंड हा युरोपच्या उत्तर टोकाचा देश. नकाशा उघडून पाहिलात तर निळ्या ठिपक्यांनी भरलेला दिसेल, इतकी तेथे तळी आहेत. आणि भूमीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अरण्यांनी झाकलेला आहे. हिवाळ्यात सारे रान बर्फाखाली जाते. देशाच्या दक्षिण भागातही डिसेंबर महिन्यात सूर्य जेमतेम सहा तास दिसतो, आणि तोही क्षितिजाजवळूनच फिरून मावळतो. अशा या देशात ३ फेब्रुवारी १८९८ रोजी आल्व्हार आल्टो याचा जन्म झाला. त्याचे वडील भूमापक होते. रानावनांतून फिरून मोजणी करावी आणि घरी येऊन मोठ्या टेबलावर तिचे नकाशे काढावेत, असे त्यांचे काम. रेघ आणि रान या दोहोंची ओळख आल्टोला अशी लहानपणीच झाली. पुढे तो वास्तुशिल्पाचे शिक्षण घेऊन इमारती बांधू लागला. १९२४ साली त्याचा विवाह झाला तो आयनो मार्सिओ हिच्याशी. तीही वास्तुशिल्पीच होती, आणि त्या दोघांनी पुढील बरेच काम बरोबरीने केले.

त्या काळी क्षयरोगाने युरोपात आणि आपल्या देशातही थैमान घातले होते. १८८२ साली रॉबर्ट कॉख या जर्मन वैद्यकाने क्षयाचे जंतू शोधून काढले होते. परंतु शत्रू ओळखता आला तरी त्याला मारणारे अस्त्र कोणाच्याही हाती नव्हते. विश्रांती, सकस अन्न, मोकळी हवा आणि ऊन एवढाच उपचार वैद्य सांगत. म्हणून गावाच्या गर्दीपासून दूर, झाडीत किंवा डोंगरावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामे बांधली जात. आपल्याकडे पाचगणीच्या कोरड्या आणि थंड हवेत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले, ते याच विचाराने. आरोग्यधामात गेलेला रुग्ण आठवड्याने परत येत नसे. त्याला महिनेच्या महिने, कधी वर्षही तेथे काढावे लागे. काही जण बरे होऊन घरी जात. काही जण कधीच परतत नसत.

दक्षिण फिनलंडमधील पाइमिओ या गावाजवळच्या रानात असे एक आरोग्यधाम बांधावयाचे ठरले आणि त्यासाठी वास्तुशिल्प्यांची स्पर्धा झाली. १९२९ साली ती आल्टोने जिंकली. तेव्हा त्याचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते. त्याच सुमारास तो स्वतः आजारी होता. १९४० साली लिहिलेल्या एका लेखात त्याने त्या दिवसांची आठवण सांगितली आहे. अंथरुणावर उताणे पडून राहावे लागल्यामुळे त्याच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. माणसे ज्या खोल्या बांधतात त्या उभ्या माणसासाठी, चालत्याफिरत्या माणसासाठी बांधतात. उभ्या माणसाची नजर भिंतीवर, खिडकीवर, दारावर पडते. निजलेल्या माणसाची नजर मात्र छतावर खिळलेली असते, आणि नेमके तेथेच पांढऱ्याशुभ्र पृष्ठभागावर दिवा टांगलेला असतो. जो दिवा धडधाकट माणसाला उजेड देतो, तोच दिवा निजलेल्या रुग्णाच्या डोळ्यांत सुईसारखा टोचतो.

आल्टोला आपल्या कामाची किल्ली तेथे सापडली. ही इमारत कोणासाठी बांधावयाची? पाहुण्यांसाठी नव्हे, की वर्तमानपत्रातील छायाचित्रासाठीही नव्हे. महिनोन्महिने पाठीवर पडून राहणाऱ्या अशक्त माणसासाठी. मग तिच्यातील प्रत्येक वस्तू त्याच्या डोळ्यांनी पाहिली पाहिजे, त्याच्या कानांनी ऐकली पाहिजे आणि त्याच्या हातांनी चाचपली पाहिजे.

त्याने आरंभ केला तो छतापासून. पांढरा रंग आपल्यावर पडलेला बहुतेक सारा प्रकाश परत फेकतो. गडद रंग त्यातील बराच भाग स्वतःत सामावून घेतो. शिवाय चकाकणारा पृष्ठभाग आरशासारखा झगझगतो, तर चकाकी नसलेला पृष्ठभाग प्रकाश चहूकडे विखरून सौम्य करतो. म्हणून आल्टोने रुग्णांच्या खोल्यांतील छताला भिंतींपेक्षा गडद असा मंद हिरवा रंग दिला. घनदाट झाडाखाली आडवे पडून वर पाहावे, तसे ते छत रुग्णाला शांत वाटावे, अशी ती योजना होती. दिवा त्याने रुग्णाच्या नजरेसमोरून काढून उशाच्या बाजूला अशा ठिकाणी लावला, की उजेड मिळावा पण ज्योत दिसू नये. खोली उबदार ठेवण्यासाठी जी व्यवस्था केली, तिची उष्णता रुग्णाच्या पायांकडे यावी, डोक्यावर तिचा मारा होऊ नये, अशी काळजी त्याने घेतली. खिडक्या दुहेरी काचांच्या केल्या. बाहेरची बर्फाळ हवा त्या दोन काचांमधून फिरून थोडी कोमट होई आणि मगच आत येई. त्यामुळे हवा ताजी मिळे. पण अंगावर झोत येत नसे.

प्रत्येक खोलीत दोन रुग्ण राहत. एकाला झोप लागली असताना दुसऱ्याने हात धुतले, तर पाण्याच्या आवाजाने पहिल्याची झोप मोडावयाची. यावर आल्टोने काय करावे? त्याने हात धुण्याच्या भांड्याचा घाटच बदलला. पाण्याची धार तळावर सरळ आदळण्याऐवजी तिरप्या उतारावर पडून मुकाट्याने घसरत जाईल, असे ते भांडे त्याने मुद्दाम घडवून घेतले. दाराच्या मुठीतही त्याने लक्ष घातले. घाईने जाणाऱ्या डॉक्टरांच्या अंगरख्याची बाही मुठीत अडकू नये, असे तिला वळण दिले. कपड्यांची कपाटे जमिनीपासून उंच बसवली, म्हणजे त्यांच्याखालची धूळ सहज पुसता यावी. या गोष्टी लहान खऱ्या. परंतु ज्याला दिवसाचे चोवीस तास त्याच चार भिंतींत काढावयाचे आहेत, त्याचे सुख आणि दुःख अशा लहान गोष्टींतच साठलेले असते.

निजण्याच्या खोलीत हिरवा रंग देणाऱ्या या माणसाने इमारतीच्या दारात आणि जिन्यात मात्र अगदी निराळा रंग निवडला. तेथील जमीन त्याने उजळ पिवळी केली. एकाच इमारतीत हा भेद का? कारण उघड आहे. खोलीत रुग्ण विसावा घेण्यासाठी येतो. दारात आणि जिन्यात तो चालत असतो. ज्या देशात हिवाळ्यात सूर्यदर्शन दुर्मिळ, त्या देशात मनाने खचलेला एखादा मनुष्य आरोग्यधामाच्या दारात पाऊल टाकतो आणि त्याच्या पायाखाली जणू ऊन पसरलेले असते! रंग सुंदर की कुरूप हे तो कोठे, कोणासाठी आणि कोणत्या वेळी वापरला आहे यावर ठरते, हे या दोन रंगांवरून कळून येते.

ही पिवळी जमीन ज्या पदार्थाची होती, तोही पाहण्यासारखा आहे. त्याला लिनोलियम म्हणतात. जवसाचे तेल हवेत आटून चिवट होते. त्यात राळ, बुचाच्या झाडाच्या सालीची पूड आणि रंग मिसळून त्याचा थर तागाच्या कापडावर बसवितात, म्हणजे लिनोलियम तयार होते. जवस आणि ताग ही आपल्याही शेतांतील पिके. हा पदार्थ पायाला दगडासारखा थंड लागत नाही, चालण्याचा आवाज होऊ देत नाही, आणि तो सलग अंथरता येत असल्यामुळे सांध्यांत घाण साचत नाही. जेथे जंतूंशी लढावयाचे आहे तेथे हा गुण मोलाचा.

आता खुर्चीकडे वळू. रुग्णांना दिवसाचा काही वेळ मोकळ्या हवेत बसवीत. इमारतीच्या एका टोकाला मजल्यामजल्यावर सूर्याकडे तोंड केलेले सज्जेच होते. थोडे बरे वाटू लागलेला रुग्ण तासन् तास खुर्चीत बसे. ती खुर्ची कशाची करावी?

त्या वर्षांत पोलादी नळीच्या खुर्च्यांचा सगळीकडे बोलबाला होता. १९२५ साली जर्मनीत मार्सेल ब्रॉयर या तरुणाने पोलादाची पोकळ नळी वाकवून खुर्ची तयार केली होती. सायकलचा वाकवलेला दांडा पाहून त्याला ती कल्पना सुचली, असे सांगतात. ती खुर्ची हलकी, मजबूत आणि पुसावयास सोपी. आल्टोलाही ती आवडली होती, आणि स्वतःच्या घरासाठी त्याने अशा खुर्च्या घेतल्याही होत्या. परंतु आता तो रुग्णाच्या जागी बसून पाहत होता, आणि तेथून तिचे तीन दोष त्याला दिसले. एक म्हणजे चकचकीत मुलामा दिलेली नळी उन्हात झळकते आणि दुबळ्या डोळ्यांना त्रास देते. दुसरे म्हणजे ती हातांना थंडगार लागते. आणि तिसरे म्हणजे धातूवर काही आदळले की खणखणाट होतो.

धातू थंड का लागतो, हे घरच्या घरी पाहता येईल. हिवाळ्याच्या पहाटे लाकडी पोलपाटावर एक हात ठेवा आणि स्टीलच्या ताटलीवर दुसरा. ताटली पुष्कळ थंड वाटेल. वास्तविक दोन्ही वस्तू रात्रभर एकाच फडताळात होत्या, तेव्हा दोहोंचे तापमान सारखेच. मग फरक का वाटतो? आपल्या हाताची ऊब पोलादातून झपाट्याने वाहून जाते. लाकडातून ती फार सावकाश जाते. उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत साधे पोलाद लाकडाच्या शेकडो पट पुढे आहे. हात थंड पडतो तो वस्तूच्या थंडपणाने नव्हे, आपली ऊब गमावल्याने. ज्याच्या अंगात आधीच ऊब थोडी, त्याची ती थोडकी ऊबही खुर्चीने काढून घ्यावी काय?

तेव्हा आल्टो लाकडाकडे वळला. त्यासाठी त्याला दूर जावे लागले नाही. पांढऱ्या सालीचा भूर्ज वृक्ष फिनलंडच्या रानात सर्वत्र आढळतो. ज्या भूर्जाच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी ग्रंथ लिहिले, त्या हिमालयातील भूर्जाचा हा भाऊबंदच होय. त्याचे लाकूड फिकट रंगाचे, एकसारख्या दाट कणांचे आणि चिवट असते. परंतु अडचण अशी होती, की पोलादी नळी हवी तशी वाकते. लाकूड वाकविले तर मोडते. चौकोनी ठोकळे जोडून केलेली जाड खुर्ची आल्टोला नको होती. त्याला हलकी आणि किंचित लवचिक खुर्ची हवी होती.

तुर्कू या शहरात ओट्टो कोर्होनेन नावाचा एक कारखानदार लाकडी सामान तयार करीत असे. आल्टो आणि कोर्होनेन यांनी मिळून काही वर्षे लाकूड वाकविण्याचे प्रयोग केले. त्यांची युक्ती आपल्या बुरुडाला नवी वाटणार नाही. जाड वेळू वाकत नाही. पण बुरूड त्याच्या पातळ कामट्या काढतो आणि त्या हव्या तशा वळवून टोपली विणतो. त्याचप्रमाणे भूर्जाच्या लाकडाचे कागदासारखे पातळ थर काढावयाचे, त्यांना सरस लावून एकावर एक ठेवावयाचे आणि साच्यात दाबून वाकवावयाचे. एखादे जाड पुस्तक हातात घेऊन वाकवून पाहा. त्याची पाने एकमेकांवरून थोडी थोडी सरकतात, म्हणूनच ते वाकते. त्या वाकलेल्या स्थितीतच सगळी पाने एकमेकांना पक्की चिकटली, तर ते पुस्तक पुन्हा सरळ होईल काय? लाकडाच्या थरांचेही असेच होते. सरस सुकला की साच्यातून बाहेर येते ते एकसंध आणि वळणदार लाकूड. ते मोडत नाही, उलगडतही नाही. भार पडला की किंचित लवते, आणि भार निघाला की पुन्हा पहिल्यासारखे होते. बर्फाच्या ओझ्याने रानातील भूर्जाची फांदीही अशीच लवते आणि बर्फ गळून पडताच पुन्हा वर येते.

अशा रीतीने पाइमिओची खुर्ची तयार झाली. दोन बाजूंना लाकडाची दोन सलग कडी; तीच तिचे पाय आणि तेच तिचे हात. त्या दोन कड्यांमध्ये पातळ लाकडी फळीची बैठक आणि पाठ, एकाच तुकड्यातून लाटेसारखी वळविलेली. बैठकीच्या आणि पाठीच्या टोकांना फळीची मोठी गुंडाळी. गादी नाही, म्हणून धूळ साचावयास जागा नाही. ओल्या फडक्याने पुसली की झाली स्वच्छ. पाठ थोडी मागे कललेली ठेवली, ती रुग्णाची छाती मोकळी राहून त्याला श्वास घेणे सोपे जावे म्हणून. वरच्या बाजूस फळीला काही चिरा ठेवल्या. गादी नसूनही ती टोचत नाही. कारण बसणाऱ्याच्या भाराने फळी थोडी लवते. खुर्चीच्या कड्यांना वेगळा रंग देण्याचे कारणच पडले नाही. भूर्जाचा स्वतःचा मधासारखा फिकट रंग पुरेसा होता.

१९३३ साली आरोग्यधाम पूर्ण झाले आणि सुमारे तीनशे रुग्णांची तेथे सोय झाली. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हिरव्या छताने किंवा लाकडी खुर्चीने कोणाचा क्षय बरा झाला, असे म्हणता येणार नाही. क्षयाच्या जंतूंना मारणारे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली अमेरिकेत सापडले. त्यानंतर आणखी औषधे आली. क्षयाचे रुग्ण औषधाने घरी राहूनही बरे होऊ लागले, आणि जगभरची आरोग्यधामे हळूहळू रिकामी झाली. पाइमिओच्या आरोग्यधामाचेही पुढे सर्वसाधारण रुग्णालयात रूपांतर झाले. मग आल्टोच्या खटाटोपाचे काय मोल उरले? मोल हे, की औषध नसलेल्या त्या काळात हजारो दुःखी माणसांचे दिवस त्याने थोडे सुसह्य केले. रोग बरा करणे वैद्याच्याही हाती नव्हते. पण डोळ्यांत टोचणारा दिवा बाजूला करणे वास्तुशिल्प्याच्या हाती होते, आणि जे हाती होते ते त्याने कसोशीने केले. ती खुर्ची आजही तयार होते. क्षयरोग्यांसाठी घडविलेली ही वस्तू आज धडधाकट माणसे आपल्या घरी हौसेने ठेवतात.

ही हकिकत वाचून कोणी आपल्या घराचे छत हिरवे केले आणि जिना पिवळा रंगविला, तर त्याने आल्टोचे अनुकरण केले असे म्हणता येईल काय? मुळीच नाही. विदर्भातील वैशाखाच्या उन्हाचा विचार करा. तेथे सूर्य हवाहवासा नसून नकोसा असतो. तेथे घराच्या गच्चीला पांढरा चुना फासणारा गृहस्थ शहाणा. कारण पांढरा रंग ऊन परत फेकतो. तेथे दुपारी विसावण्यासाठी सुतळीने विणलेली बाज बरी. कारण तिच्यातून वारा खेळतो. फिनलंडमध्ये जे उत्तर बरोबर ठरले, ते येथे चूक ठरेल. आल्टोपासून घ्यावयाचा तो त्याचा प्रश्न: ही वस्तू कोण वापरणार, कोठे वापरणार, आणि त्या वेळी त्याला कसे वाटत असेल?

हा प्रश्न आपल्या घरांतही वर्षानुवर्षे विचारला गेला आहे. बाळ जन्मले की आजी गोधडी शिवावयास बसते. तिच्यासाठी ती बाजारातून कोरे करकरीत कापड आणीत नाही. पेटीतून आपले जुने, शंभरदा धुतलेले लुगडे काढते. नवे कापड दिसावयास चांगले, पण बाळाच्या कोवळ्या कातडीला ते बोचेल हे ती जाणते. शेतकरी औताला बाभळीचे कठीण लाकूड निवडतो, आणि त्याच शेतकऱ्याची घरधनीण ऊन पदार्थ ढवळण्यासाठी लाकडी पळी हाती घेते. तिचा दांडा तापून हात पोळत नाही. यांपैकी कोणी वास्तुशिल्पाची पदवी घेतलेली नाही. परंतु ज्याच्यासाठी वस्तू करावयाची, त्याच्या जागी घटकाभर जाऊन बसणे हे या विद्येचे मूळ त्यांना ठाऊक आहे.

तुम्ही मोठे व्हाल तेव्हा कोणी सुतार होईल, कोणी विणकर, कोणी यंत्रज्ञ, तर कोणी इमारती बांधील. वस्तू घडविताना रंगांच्या अनेक पेट्या आणि नाना तऱ्हेचे पदार्थ तुमच्यापुढे असतील, आणि काय निवडावे असा संभ्रम पडेल. अशा वेळी त्या आजारी वास्तुशिल्प्याची आठवण करा. तो अंथरुणावर उताणा पडून छताकडे पाहत होता, आणि त्याच्या मनात विचार होता त्याच्यानंतर तसेच पडून राहणाऱ्या दुसऱ्या माणसाचा.

शब्दार्थ

वास्तुशिल्पी – इमारतींची रचना करणारा तज्ज्ञ.
भूमापक – जमिनीची मोजणी करणारा.
आरोग्यधाम – रुग्णांनी दीर्घकाळ राहून प्रकृती सुधारण्याचे ठिकाण.
कवडसा – फटीतून आत येणारा उन्हाचा पट्टा.
घाट – आकार, घडण.
राळ – झाडाचा वाळलेला चीक.
फडताळ – भिंतीतील कपाट.
सरस – लाकूड चिकटविण्याचा चिकट पदार्थ.
बुरूड – बांबूच्या कामट्यांपासून टोपल्या, सुपे विणणारा कारागीर.
सुसह्य – सहज सोसता येईल असे.
औत – शेत नांगरण्याचे साधन.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) अंथरुणावर पडल्यावर आल्टोच्या ध्यानात कोणती गोष्ट आली?
(आ) रुग्णांच्या खोलीतील छताला मंद हिरवा रंग का दिला?
(इ) पोलादी खुर्चीचे कोणते तीन दोष आल्टोला दिसले?
(ई) एकाच तापमानाची ताटली पोलपाटापेक्षा थंड का वाटते?

२. सविस्तर उत्तरे लिहा.
(अ) लाकडाच्या पातळ थरांपासून वळणदार लाकूड कसे तयार होते, ते बुरुडाच्या आणि पुस्तकाच्या उदाहरणांनी समजावून सांगा.
(आ) ‘आल्टोपासून घ्यावयाचा तो त्याचा प्रश्न’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
(इ) औषध सापडल्यावरही आल्टोच्या कामाचे मोल कमी झाले नाही, असे लेखक का म्हणतो? तुम्हांस ते पटते काय?

३. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
थैमान घालणे, नजर खिळणे, बोलबाला होणे, मनाने खचणे, कसोशीने करणे.

४. पुढील शब्दांचा विग्रह करून समास ओळखा.
रानावन, सूर्यदर्शन, तीनचार, आरोग्यधाम.

५. करून पाहा.
(अ) दुपारच्या उन्हात एक पांढरा आणि एक काळा कागद शेजारी शेजारी ठेवा. थोड्या वेळाने दोहोंना हात लावून काय जाणवते ते वहीत लिहा.
(आ) तुमच्या वर्गातील बाक पहिलीतील मुलाच्या, तुमच्या आणि गुरुजींच्या दृष्टीने पाहा. प्रत्येकाला त्यात कोणती अडचण वाटेल? ती दूर करण्यासाठी तुम्ही त्याचा आकार, रंग किंवा पदार्थ कसा बदलाल, ते आठदहा ओळींत लिहा.
(इ) घरातील वृद्ध माणसाजवळ बसून, रोजच्या वापरातील कोणती वस्तू त्यांना अवघड वाटते, ते विचारा.